उरलेले सहा तास

विद्यापीठांना आता विद्यार्थ्यांच्या मनाची काळजी लागली आहे. परिपत्रकावर परिपत्रक निघते. मन प्रसन्न ठेवा. योगा करा. नकारात्मक विचार टाळा. मानसिक आरोग्य सप्ताह साजरा करा अन् त्याचे फोटो पाठवा. प्राचार्य दिवा लावतात, कोणी एक पाहुणा येऊन पोरांना तासभर हसायला शिकवतो, अन् 'विद्यार्थी कल्याण' नावाची फाईल पुढच्या वर्षापर्यंत बंद.

कल्याण! शब्द तरी बघा कुठला उचललाय. कल्याणमस्तु. भटजी हात वर करून म्हणतो अन् दक्षिणा कनवटीला लावतो. इथे तर दक्षिणा आपण आधीच मोजलेली असते, अन् आपल्या हक्काची जी रक्कम यायची ती थकलेली असते.

माझे म्हणणे सरळ आहे. पोराच्या डोक्यात आजार शोधायचा अन् त्याच्या ताटाकडे, खिशाकडे, खोलीच्या दाराकडे बघायचेच नाही, ही लबाडी आहे. ही लबाडी प्रस्थापित करतात, त्याचे नवल नाही. पण तीच लबाडी दुसऱ्या रंगात आपणही करतो. ते पुढे सांगतो. कडू लागेल. लागू द्या.

आधी ताट.

पुलगाव म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. एक बंद पडलेली कापडगिरणी, एक दारूगोळ्याचा डेपो, अन् मुंबई-नागपूर लाईनीवरचे एक स्टेशन. आर्वीला जाणारी छोटी गाडी होती, ती पण गेली. गिरणीत ज्यांचे आजे खपले त्यांच्या नातवांना आता गिरणीची नुसती भिंत दिसते. डेपोचे नाव देशाला कळले ते 31 मे 2016 च्या आगीने. 20 नोव्हेंबर 2018 ला स्फोटके निकामी करण्याच्या जागेवर सहा जण गेले, त्यात बहुतेक ठेकेदाराचे मजूर. आजूबाजूच्या खेड्यांतले. रोजी मिळते म्हणून गेलेले. असल्या मुलखातून पोरगा बॅग घेऊन नागपूरच्या गाडीत बसतो. घरातला पहिलाच. त्याला निरोप द्यायला अख्खी वस्ती फलाटावर येते. परत कोणी विचारायला जात नाही.

त्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर स्वाधार. बाबासाहेबांच्या नावाची योजना आहे ही. 2016-17 साली आली तेव्हा नागपूरसाठी वर्षाचे 60 हजार ठरले. जेवणाचे 32 हजार, राहण्याचे 20 हजार, बाकी सगळ्याचे 8 हजार. वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या गावी 43 हजार, त्यात जेवणाचे 25. आता भागाकार करा. नागपूरला दिवसाला 87 रुपये अन् वर काही पैसे. वर्ध्याला 68. दोन टाइम जेवण, सकाळचा चहा, रात्री अभ्यासाला बसला तर अजून एक. खोलीला वर्ध्यात महिन्याचे हजार रुपये. हजारात कोण खोली देतो? आडनाव सांगितल्यावर तर दोन हजारातही देत नाही.

तरी म्हणू, भागवू. भागवायची सवय आपल्या रक्तात आहे. पण पैसे जूनमध्ये कुठे येतात? खाणावळवाला महिन्याच्या एक तारखेला दारात उभा राहतो अन् सरकारची एक तारीख कित्येकदा परीक्षा आटोपल्यावर उगवते. म्हणजे पोराने पहिले वर्षभर जेवायचे कर्ज काढून, अन् मग सरकारने त्या जेवणाचे पैसे द्यायचे. भूक उधारीवर अन् मदत थकबाकीवर. याला योजना म्हणतात.

शिष्यवृत्तीचे तसेच. 2018 पासून सगळे महाडीबीटीवर. फॉर्म पोरगा भरतो. मग तो कॉलेजातल्या बाबूच्या लॉगिनला अडतो, तिथून सुटला की समाजकल्याणच्या लॉगिनला. कधी उत्पन्नाचा दाखला जुना, कधी आधार बँकेला जोडलेला नाही, कधी सर्व्हर झोपलेला. 2021-22 पासून केंद्राचा 60 टक्के वाटा सरळ पोराच्या खात्यात येतो अन् त्यातली फी त्याने कॉलेजला नेऊन द्यायची. हे कागदावर छान दिसते. पण ते पैसे येईपर्यंत कॉलेज थांबते का? आधी भर, नाही तर हॉल तिकीट नाही. आधी भर, नाही तर टीसी नाही. शिष्यवृत्तीच्या पोरांकडून आधी फी मागू नका असे शासनाने कितीदा लिहून काढले. कॉलेजवाले ते वाचत नाहीत, अन् वाचायला लावणारे आपण तिथे नसतो.

आमच्या इथला एक पोट्टा. नाव सांगत नाही, कॉलेजही सांगत नाही. नागपूरला होता. दुपारचे जेवण त्याने बंद केले, कोणाला सांगितले नाही. रोज रात्री मायचा फोन.

"जेवला का बाप्पा?"

"हो व माय, जेवलो."

"पैसे आले का रे तुये?"

"येतीन ना. सगळ्यायचेच यायचे आहेत."

एवढेच बोलणे. सहा महिने. त्याच्या वर्गशिक्षकाने त्याला समुपदेशनाला पाठवले, कारण तो तासाला झोपत होता. तिथल्या बाईंनी विचारले, झोप का नीट होत नाही? टेन्शन कशाचे घेतोस? पॉझिटिव्ह राहायला शीक. त्या बाई वाईट नव्हत्या हो. पण त्यांच्या छापील फॉर्मवर 'आज दुपारी काय खाल्ले' हा रकानाच नव्हता. पोरगा अर्धपोटी होता अन् त्याच्या विचारसरणीवर इलाज चालला होता.

हे झाले ताट. आता खोलीचे दार.

ताट भरलेले असूनही पोरं मोडतात. तिथे भूक वेगळी असते. पहिल्या दिवशी कोणी जात विचारत नाही, आता तेवढे सगळे हुशार झालेत. विचारतात, रँक किती? सीईटीला किती? कोणत्या लिस्टमधून? या एका प्रश्नात तुमची वस्ती, तुमचा बाप, तुमची पंगत सगळे आले. मग मोबाइलवरचे जोक. मग प्रयोगशाळेतल्या जोड्या, ज्यात तुमच्याबरोबर कोणी नाही. कोणी मारत नाही, शिवी देत नाही. तक्रारीत काय लिहिणार? 'माझ्याशी बोलत नाहीत'?

रोहित वेमुला, हैदराबाद, 17 जानेवारी 2016. फेलोशिप थांबलेली, चार सोबत्यांसकट वसतिगृहाबाहेर काढलेला. डॉ. पायल तडवी, मुंबई, 22 मे 2019. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्र शिकणारी. तिची आई सांगते की आम्ही आधीच तक्रार केली होती, कोणी ऐकले नाही. दर्शन सोळंकी, मुंबई आयआयटी, 12 फेब्रुवारी 2023. येऊन जेमतेम काही महिने झाले होते. आयआयटीच्या आतल्या समितीने काय शोधले? जातिभेदाचा पुरावा नाही, पोराचे मार्क घसरत होते. अन् त्याच आयआयटीने जुलै 2023 मध्ये सूचना काढली की कोणी कोणाला जेईईची रँक विचारू नये. भेदभाव नव्हता ना साहेब? मग ही सूचना कोणासाठी काढली? भिंतींसाठी?

आकडे सरकारचेच घ्या. डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत सांगितले, 2014 ते 2021 या काळात आयआयटी, आयआयएम, केंद्रीय विद्यापीठे अशा संस्थांत 122 विद्यार्थ्यांनी आपला जीव संपवला. त्यात अनुसूचित जातींचे 24, जमातींचे 3, ओबीसी 41. म्हणजे 68 आपले. डिसेंबर 2023 मध्ये सांगितले, पाच वर्षांत आयआयटी, आयआयएम अन् केंद्रीय विद्यापीठांतून या तीन वर्गांची 13,626 पोरं शिक्षण अर्धवट सोडून गेली. पहिला आकडा निदान वर्तमानपत्रात येतो. दुसऱ्यासाठी कोणी मेणबत्ती लावत नाही. तेरा हजार पोरं! एखादे पुलगाव अर्धे रिकामे करण्याएवढी. ती गेली कुठे? मोबाइलच्या दुकानात, डिलिव्हरीच्या गाडीवर, ठेकेदाराच्या हजेरीत.

आणि बोललात तर काय होते तेही आपल्या जिल्ह्यात झालेले आहे. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात ऑक्टोबर 2019 मध्ये पोरांनी पंतप्रधानांना पत्रे लिहायचा कार्यक्रम केला. झुंडबळी, देशात चाललेले प्रकार, यावर. सहा जणांना काढून टाकले. तिघे दलित, तिघे ओबीसी. कारण काय, तर विधानसभेची आचारसंहिता मोडली! पत्र लिहिल्याने आचारसंहिता मोडते हे गांधींच्या नावाच्या विद्यापीठाने आम्हाला शिकवले. ओरड झाली म्हणून चार-पाच दिवसांत हुकूम मागे घ्यावा लागला. तेव्हा ओरड करायला माणसे होती, हे लक्षात ठेवा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. 2012 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत. प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष पाहिजे, भेदभावाची तक्रार घेणारा अधिकारी पाहिजे. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे, सांगा बरं? राधिका वेमुला अन् आबेदा तडवी, दोन मायांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की हे नियम नुसते कागदावर आहेत. सात वर्षांनी, जानेवारी 2026 मध्ये नवे नियम आले. त्यावर सवर्ण पोरांचे मोर्चे निघाले अन् महिना संपायच्या आत न्यायालयाने स्थगिती दिली. दोन मायांना सात वर्षे अन् यांना काही दिवस. यावर अजून काय बोलायचे?

आता आपल्याकडे वळतो.

दर 14 एप्रिलच्या आसपास आपण 18 तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. विहारात, वाचनालयात, वसतिगृहात. बाबासाहेब 18 तास अभ्यास करत, तुम्हीही करा. चांगले आहे. मी स्वतः सतरंज्या टाकल्यात. पण कोणी विचारले का, की उरलेल्या सहा तासांत पोरगा काय करतो? झोप येते का त्याला? कोणापाशी बोलतो? रात्री दोन वाजता छाताडात धडधडले तर कोणाला फोन लावतो? अठरा तासांचा हिशोब आपल्याकडे आहे. सहा तासांचा नाही.

आपण पोरांना सांगतो, बाबासाहेब लंडनला पापडावर राहिले, अन् तुम्हाला काय झाले रडायला? दोस्तांनो, हा निष्कर्ष कोणी काढला? बाबासाहेब उपाशी राहिले ही या देशाविरुद्धची फिर्याद आहे. आपण तिची व्रतकथा केली. उपास करा, फळ मिळेल! हे तर भटाचेच शास्त्र झाले, नुसता फोटो बदलला.

आणि ते एकटे होते हेही खोटे. केळुस्कर गुरुजींनी हात धरला नसता तर सयाजीरावांचे महिना 25 रुपये मिळाले नसते. 1920 मध्ये लंडनला परत जाताना नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार उसने घेतले, शाहू महाराजांनी दीड हजार दिले. ते पापडसुद्धा कोणी ओळखीच्यानेच दिलेले होते. इकडे रमाईने शेणी थापून घर धरले. एवढी माणसे मागे उभी होती तेव्हा एक बाबासाहेब उभा राहिला. अन् आपण सतरा वर्षांच्या पोट्ट्याला स्टेशनवर सोडतो अन् म्हणतो, जा, बाबासाहेब हो.

त्यांना हे माहीत होते. म्हणून 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली अन् 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले. महाडचे तळे त्यानंतर, 1927 मध्ये. क्रम बघा. आधी पोरांच्या जेवणाखाण्याची सोय, मग सत्याग्रह. व्हाइसरॉयच्या मंडळात होते तेव्हा, 1944 मध्ये, अनुसूचित जातींच्या पोरांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू करवली. स्वतः उपाशी राहिलेला माणूस दुसऱ्याला उपाशी राहा म्हणत नाही. तो शिष्यवृत्ती काढतो.

मग आपले वसतिगृह कुठे आहे? विहारांवर संगमरवर चढला, चांगले झाले. जयंतीच्या डीजेचे बोलत नाही, बोलून तोंड दुखले. पण पेन्शन खाणारे आपले साहेब लोक, ज्यांनी स्वतः शिष्यवृत्तीवर शिकून बंगले बांधले, 'समाजाला परत द्या'चे भाषण ठोकतात, त्यांच्या बंगल्यात एक खोली रिकामी नाही? असते. देवघर करत नाहीत एवढेच.

याहून कडू गोष्ट अशी. आपल्याला मेलेला पोरगा चालतो, नापास झालेला चालत नाही. मेला तर बॅनर, मोर्चा, कविता, निधी. एटीकेटी लागून घरी आला तर टोमणे. 'बापाने घाम गाळला अन् याने दिवे लावले.' वस्तीत तो दिवसा बाहेर निघत नाही. आपलेच कार्यकर्ते त्याच्याकडे बघून बोलणे टाळतात, जणू त्याने चळवळीचे नाक कापले. लहान पोरं काय शिकतात यातून? की मरून मोठे होता येते अन् जगून फक्त लाज मिळते. हे आपण शिकवतोय. मी परत लिहितो, हे आपण शिकवतोय. रोहितला हुतात्मा म्हणताना दहा वेळा विचार करा. त्याला जगायचे होते, ताऱ्यांवर लिहायचे होते. त्याचे मरण हा त्याचा पराक्रम नाही, त्यांचा गुन्हा आहे. अन् मे 2024 मध्ये तेलंगणा पोलिसांनी तो दलितच नव्हता म्हणत फाईल मिटवायला घेतली. मेल्यावरही जातीचा दाखला तपासला त्याचा.

नामांतरासाठी आपण 1978 ते 1994 लढलो. पोचीराम कांबळे गेले, जनार्दन मेवाडे गेले, गौतम वाघमारे गेला. विद्यापीठाच्या कमानीवर नाव लागले. त्या कमानीतून आत गेलेल्या पोराला वर्षभर दोन टाइम जेवण मिळते का, हे बघायला तर कोणाला मरायची गरज नाही. नुसते जायची गरज आहे. तेवढे आपल्याच्याने होत नाही. 2023 मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी 861 संशोधक पोरं आझाद मैदानात बसली होती. किती जण भेटायला गेलो आपण?

पोरींचे वेगळे लिहायला पाहिजे, अन् ते एखाद्या पोरीनेच लिहावे. एवढेच म्हणतो: पोरीने त्रास सांगितला की आपला पहिला इलाज काय? 'घरी ये.' शिक्षण बंद, स्थळ बघा. म्हणून ती सांगत नाही. कॉलेजच्या जाचापेक्षा तिला बापाच्या प्रेमाची जास्त धास्ती असते. आपण बाप, भाऊ म्हणून इतके बदललो तरी अर्धे काम होईल.

काही साथी म्हणतात, हे डिप्रेशन वगैरे पांढरपेशांचे चोचले आहेत, लढणाऱ्याला होत नाही. साफ चूक. कावीळ लढणाऱ्याला होत नाही का? मनही शरीरातच आहे. झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नको वाटायला लागले तर सोबत्याला घेऊन डॉक्टरकडे जा, गोळी लागली तर घ्या. 14416 हा सरकारचा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येते, रात्रीही. वहीच्या मागे लिहून ठेवा. त्यात कमीपणा नाही. माझे भांडण डॉक्टरशी नाहीच. माझे भांडण त्या प्राचार्याशी आहे, जो शिष्यवृत्तीची फाईल दाबून ठेवतो अन् वर डॉक्टरकडे बोट दाखवतो.

तर पुलगावात करायचे काय? आम्ही पाच-सात जण बसलो, ठरले ते असे. वस्तीवस्तीतून कोणता पोरगा, कोणती पोरगी कुठे शिकायला गेली, याची यादी. वर्धा, नागपूर, अमरावती, पुणे, जिथे असेल तिथे. प्रत्येकामागे एक माणूस. त्याने महिन्यातून एकदा जाऊन भेटायचे, फोनवर नाही. फोनवर पोरं जेवलो म्हणतात. खोली बघायची, खाणावळवाल्याला भेटायचे. नापास झाला असेल तर त्याला आधी भेटायचे. एक उसनवारीचा डबा काढायचा: शिष्यवृत्ती येईपर्यंत खाणावळीचे पैसे त्यातून, आली की परत. कारण विचारायचे नाही, भाषण द्यायचे नाही. ज्यांचे फॉर्म अडलेत त्यांची नावे घेऊन दर महिन्याला वर्ध्याच्या समाजकल्याण ऑफिसला, दहा जणांनी मिळून. अन् प्रत्येक कॉलेजला लेखी अर्ज: तुमचा भेदभावाची तक्रार घेणारा अधिकारी कोण, त्याचे नाव बोर्डावर लावा. उत्तर नाही आले तर माहितीच्या अधिकारात.

यात क्रांती नाही म्हणून एक जण उठून गेला. जाऊ द्या.

डब्यात पहिल्या दिवशी 2,340 रुपये जमले. एका खाणावळीचा महिना जेमतेम निघतो. ज्यांना द्यायचे असतील त्यांनी पावती मागून घ्यावी, अन् ज्यांची पोरं बाहेर शिकताहेत त्यांनी नाव, गाव, कॉलेज अन् खोलीचा पत्ता लिहून विहारात आणून द्यावा. पत्ता नीट लिहा, गल्ली सुद्धा. आम्हाला रात्रीचे शोधावे लागते.